रात्रपाळीची रंगीत तालीम

भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू दक्षता कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री दीड-दोनच्या सुमारास धूर दिसला. कक्षात त्या वेळी १७ बालके होती. त्यांतली ७ वाचली, १० गेली. ज्यांना स्वतःची मान सावरता येत नाही आणि ज्यांच्या अंगाला नळ्या व तारा जोडलेल्या आहेत, अशा जिवांना काळोखात आणि धुरात उचलून बाहेर आणण्याचे काम रात्रपाळीच्या मूठभर माणसांवर येऊन पडले होते. पुढे रीतसर चौकशी झाली. कोणी निलंबित झाले, कोणाची कंत्राटी सेवा संपुष्टात आली आणि राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले.

आदेशांची शाई वाळते न वाळते तोच, २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब खालावला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या एका खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला व ११ रुग्णांचा अंत झाला. करोनाच्या त्या वर्षी यंत्रणेवर अमानुष ताण होता, हे खरेच. परंतु १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बालकांचाच कक्ष जळाला आणि त्या रात्री १० बालके दगावली, तेव्हा करोनाची साथ ओसरून बराच काळ लोटला होता.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर दोन प्रश्न हिरिरीने विचारले जातात. बिघाड कोणत्या यंत्रात झाला, हा पहिला. आणि दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हा दुसरा. त्यानंतर ‘फायर ऑडिट’ हा शब्द काही महिने वर्तमानपत्रांतून आणि सरकारी बैठकांतून घुमत राहतो. वायरिंग तपासले जाते, भिंतींवर लाल नळकांडी टांगली जातात, पाण्याच्या फवाऱ्यांचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी वर जाते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु तिसरा एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्या रात्री ड्यूटीवर जी माणसे होती, त्यांनी अशा प्रसंगी करावयाची कामे याआधी आपल्या हातांनी कधी केली होती काय? केली असल्यास शेवटची कधी?

वैद्यकीय व्यवसायातील माणसाचे शिक्षण पदवी वा पदविका हाती पडली की संपते, असे आता कोणी उघडपणे म्हणत नाही. महाराष्ट्रातील डॉक्टरांना दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते आणि त्यासाठी ३० ‘क्रेडिट पॉइंट’ जमवावे लागतात. परिचारिकांच्या नोंदणीलाही याच धर्तीचे बंधन आहे. व्याख्याने, परिषदा, कार्यशाळा यांना हजेरी लावली की हे गुण खात्यावर जमा होतात. एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलच्या दालनात रविवारी सकाळी औषध कंपनीच्या सौजन्याने परिसंवाद भरतो. सह्या होतात, पडद्यावर आकडे आणि आलेख सरकतात, भोजनोत्तर सत्रात मागच्या रांगा हळूहळू विरळ होतात आणि अखेरीस प्रमाणपत्रे वाटली जातात. या परिसंवादांची टिंगल करण्याचे कारण नाही. त्यांतील चांगले असतात ते खरोखरच चांगले असतात. आडगावात एकाकीपणे काम करणाऱ्या डॉक्टरला वर्षा-दोन वर्षांत आपल्या व्यवसायबंधूंशी चार शब्द बोलण्याची संधी तेथेच मिळते. अडचण निराळीच आहे. ज्ञान दोन प्रकारचे असते आणि आपली ही सारी व्यवस्था त्यांतल्या एकाच प्रकारासाठी उभारलेली आहे.

पहिल्या प्रकारचे ज्ञान काळाबरोबर बदलते. त्याचे लखलखीत उदाहरण कोकणातच घडले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत होती. दंशानंतर घाम सुटे, हातपाय गार पडत, फुप्फुसांत पाणी भरे आणि रुग्ण डोळ्यांदेखत जाई. पाठ्यपुस्तकांत या मरणावर धड उपाय नव्हता. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि काही वर्षांतच रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या दंशावर कसे गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी १०० गंभीर रुग्णांमागे ४० च्या आसपास रुग्ण मरत. ते प्रमाण १ च्या घरात आले. आता कल्पना करावी ती १९७५ मध्ये पदवी घेऊन शेजारच्या तालुक्यात दवाखाना थाटलेल्या डॉक्टरची. त्याच्या पुस्तकात प्राझोसिनचा हा उपयोग असणेच शक्य नव्हते. तो त्याच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी कोणाचे तरी व्याख्यान, एखादे टिपण, एखादी सभा हवी होती. अशा ज्ञानासाठी परिसंवाद पुरतो. एकदा ऐकले, कागदावर टिपून ठेवले, गोळी कपाटात आणून ठेवली की ते ज्ञान पुढची २० वर्षे कामी येते.

दुसऱ्या प्रकारचे ज्ञान फारसे बदलत नाही, ते गंजते. ते हातात असते, आणि हात रिकामे राहिले की निघून जाते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा, हे वाक्य परीक्षेत कोणीही बिनचूक लिहील. प्रत्यक्षात मात्र दाब उथळ पडतो, वेग चुकतो आणि दोन मिनिटांत दम लागतो. प्रशिक्षण घेतलेल्यांचेही हे कौशल्य ३ ते ६ महिन्यांत उतरणीला लागते, असे अनेक पाहण्यांत पुन:पुन्हा दिसून आले आहे. उलट या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र साधारणतः २ वर्षे चालते. म्हणजे भिंतीवरचा कागद कायद्याने जिवंत असतो, त्या वेळी कागदावरचे कौशल्य बहुधा केव्हाच मालवलेले असते.

नवजात अर्भकाच्या बाबतीत तर घड्याळ आणखीच कठोर आहे. जन्मणाऱ्या १० बालकांपैकी सुमारे एकाला पहिला श्वास घेण्यासाठी थोडीबहुत मदत लागते. बहुतेकांना अंग पुसून, पाठ चोळून जाग येते. काहींना तोंडावर मुखवटा बसवून लहानग्या ‘ॲम्ब्यू बॅग’ने हवा द्यावी लागते. हे सर्व पहिल्या मिनिटात सुरू व्हावे लागते. म्हणूनच त्याला जगभर ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात. केंद्र सरकारने २००९ मध्ये ‘नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला, तो प्रामुख्याने हेच शिकविण्यासाठी. कार्यक्रम योग्य होता. प्रश्न त्यानंतरचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला मोजकीच बाळंतपणे होत असतील, तर त्यांतील जे बाळ रडत नाही ते तेथील परिचारिकेच्या वाट्याला कित्येक महिन्यांतून एकदा येणार. शिकलेले तोवर टिकावे कसे? मुखवटा हनुवटीवर किती घट्ट धरावा, मान किती मागे झुकवावी, छाती वर उचलली जाते आहे की नुसतीच हवा बाजूने निसटते आहे, या गोष्टी बोटांनाच कळतात.

यावरचे उत्तर शोधण्यासाठी श्रीमंत देशांच्या चकचकीत रुग्णालयांकडे पाहण्याची गरज नाही. ते टांझानियातील हायडम या दूरच्या ग्रामीण भागातील एका रुग्णालयात मिळते. तेथे दाईंना व परिचारिकांना नवजातांच्या श्वसनासाठीचे एका दिवसाचे प्रशिक्षण देण्यात आले. काही महिन्यांनी तपासले, तेव्हा बाहुलीवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारलेली दिसली; प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात मात्र फारसा फरक पडलेला नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रशिक्षणाचे आकडे वर पाठविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. तेथील मंडळींनी मात्र तो आकडा पाठवून हात झटकले नाहीत. त्यांनी बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवली. कामाच्या जागीच, कामाच्या वेळातच, दर आठवड्याला चार-पाच मिनिटे सराव करण्याची रीत घातली. २०१५ मध्ये त्यांनी परिणाम प्रसिद्ध केला. जन्मल्यापासून २४ तासांत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण हजारी ११.१ होते, ते ७.२ वर आले होते. ना नवी इमारत, ना नवे यंत्र. ज्या बाहुलीवर हा सराव चालतो तीत पाणी भरले की ती खऱ्या बाळाइतकी जड होते, इतकीच काय ती करामत.

बाहुलीचा हा वंश जुना आहे. नॉर्वेतील आस्मुंड लेर्दाल हे मुळात खेळण्यांचे कारखानदार. तोंडाने श्वास देण्याचे तंत्र शिकविता यावे म्हणून त्यांनी १९६० मध्ये माणसाएवढी बाहुली तयार केली, आणि आज जगभर छाती दाबण्याचे धडे तिच्यावर गिरवले जातात. आपल्याकडेही वैद्यकीय महाविद्यालयांत, परिचर्या शाळांत अशा बाहुल्या आल्या आहेत. त्यांचे पुढे काय होते? महागाची वस्तू म्हणून ती साठा-नोंदवहीत चढते, कपाटात जाते, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे राहते आणि तपासणी पथक येणार असले म्हणजे बाहेर निघते. सरकारी वस्तू हरवली वा मोडली तर जबाब द्यावा लागतो; वापरली नाही म्हणून आजवर कोणाला जबाब द्यावा लागल्याचे ऐकिवात नाही. हातात घेतल्यावर दिवा न लागणारा लॅरिंगोस्कोप आणि कुलूपबंद बाहुली ही एकाच प्रवृत्तीची दोन रूपे होत.

बाळंतिणीच्या रक्तस्रावाची गोष्टही याच जातीची आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन लाखांहून अधिक प्रसूतींची नोंद आहे. रक्त किती गेले ते नजरेच्या अंदाजाऐवजी खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजावयाचे. ठरावीक खुणेपलीकडे गेले की गर्भाशयाला मालिश, औषधे, शिरेतून द्रव आणि तपासणी ही सगळी पावले एकामागून एक वाट न पाहता एकदमच उचलावयाची, असा तो शिरस्ता. तीव्र रक्तस्राव व त्यातून ओढवणारी शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के राहिले. यातले कोणतेही औषध नवे नव्हते. नवे होते ते इतकेच की सर्वांना एकाच वेळी, कोणी काय करावयाचे हे पाठ होते.

एकट्याने शिकणे आणि चौघांनी मिळून शिकणे यांत महदंतर आहे. आपली गुणपद्धती एकेका माणसाचे खाते ठेवते. संकटात काम पडते ते मात्र तुकडीला. अतिदक्षता विभागात धूर दिसला तर प्राणवायूची झडप कोठे आहे आणि ती बंद करण्याचा निर्णय कोणाचा? कोणता रुग्ण आधी हलवावयाचा, जो चालू शकतो तो की जो यंत्रावर आहे तो? मागच्या दाराची किल्ली कोणाजवळ? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरला ठाऊक असून भागत नाही. ती सिस्टरला, वॉर्डबॉयला, सफाईवाल्या मावशींना आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाला ठाऊक असावी लागतात. किंबहुना मध्यरात्री झडपेच्या आणि किल्लीच्या सर्वांत जवळ बहुधा हीच माणसे असतात, आणि ‘क्रेडिट पॉइंट’च्या कोणत्याही खात्यात मावशींचे नाव नसते.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविताना ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने रुग्णालयांतही प्रात्यक्षिके होतात. आवारातील मोकळ्या जागेत, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटविले जाते. जवान नळकांड्याची पिन काढतो, फवारा सोडतो, आग विझते, टाळ्या वाजतात, छायाचित्र निघते. आदल्या रात्री ड्यूटी केलेली सिस्टर त्या वेळी घरी झोपलेली असते आणि त्या रात्री ज्या येणार आहेत त्या स्वयंपाकाला लागलेल्या असतात. सरकारी भाषेत या प्रात्यक्षिकाला ‘रंगीत तालीम’ म्हणतात. नाटकवाल्या मंडळींना या शब्दाचा अर्थ अधिक नेमका ठाऊक असतो. रंगीत तालीम म्हणजे त्याच रंगमंचावर, त्याच प्रकाशात, त्याच वेषात आणि प्रयोगात जी पात्रे उभी राहणार त्याच पात्रांनी केलेली तालीम. दुसऱ्याच नटसंचाने पटांगणात करून दाखविलेल्या प्रवेशाला कोणताही दिग्दर्शक रंगीत तालीम म्हणणार नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. वेळ आली की माणूस आपोआप करतो, असे ते उत्तर. त्याला पुरावा म्हणून २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचे कामा रुग्णालय सहज पुढे केले जाते. अंजली कुलथे या परिचारिका त्या रात्री गर्भवतींच्या कक्षात ड्यूटीवर होत्या. दहशतवादी रुग्णालयाच्या आवारात शिरल्याचे पाहताच त्यांनी कक्षाचे जड दरवाजे लावून घेतले, दिवे मालविले आणि २० गर्भवतींना टोकाच्या लहानशा पँट्रीत हलविले. त्या गदारोळातच एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने, जिन्याने प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचविले. पुढे न्यायालयात कसाबला ओळखण्यासाठी त्या उभ्या राहिल्या त्या परिचारिकेच्या गणवेशातच. हे धैर्य अलौकिकच होते. तथापि नीट पाहिले तर त्या रात्री केवळ धैर्यानेच काम केले असे दिसत नाही. दार कोणते भक्कम, दिव्यांची बटणे कोठे, पँट्रीत किती माणसे मावतील, अंधारात जिन्यापर्यंत कसे जावयाचे, कोणत्या बाईचे दिवस किती भरले आहेत, हे सारे त्यांना ठाऊक होते. वर्षानुवर्षे एकाच रुग्णालयात काढलेल्या रात्रींनी ते अंगी मुरविले होते. ज्या परिचारिकेला मागच्याच महिन्यात येथे नेमले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कक्षात हलविले, तिच्यापाशी तितकेच धैर्य असेल. परंतु पँट्री कोठे आहे हे तिला कोणीतरी दाखविलेले असावे लागेल.

येथे कंत्राटी नेमणुकांचा विषय टाळता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कित्येक नवजात दक्षता कक्षांत काम करणाऱ्या परिचारिका ११-११ महिन्यांच्या करारावर आहेत. प्रशिक्षण एकीला द्यावे आणि वर्षभरात तिने अधिक स्थिर नोकरी पाहून निघून जावे, हा अनुभव जागोजागी येतो. मग प्रशिक्षणावरचा खर्च वाया गेला, अशी कुरकुर वरिष्ठ कार्यालयात ऐकू येते. जिला दरवर्षी आपली नोकरी टिकेल की नाही याची धास्ती आहे तिने रुग्णालयाचा कानाकोपरा आपला मानावा, ही अपेक्षा तरी कशाच्या बळावर करावयाची? दुर्घटनेनंतर सेवा संपुष्टात येते तीही सर्वांत आधी तिचीच, कारण ती संपुष्टात आणण्यास सर्वांत सोपी असते.

परिचारिका संघटनांचा आक्षेप याहून अधिक ठोस आहे आणि त्याला सबळ आधार आहे. एका सिस्टरच्या वाट्याला जेथे अख्खा वॉर्ड येतो तेथे सरावासाठी वेळ काढावयाचा कोणी? सलाईन, इंजेक्शने, नोंदी, नातेवाइकांचे प्रश्न यांतून मान वर करण्याची फुरसत नसलेल्या बाईला ‘आता रंगीत तालीम’ म्हणून सांगणे म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक ओझे चढविणे होय. पदे भरली गेली पाहिजेत, याला पर्याय नाही. मात्र पदे भरेपर्यंत सराव स्थगित ठेवण्यात शहाणपण नाही. कारण माणसे कमी असतात तेथेच प्रत्येकाला नेमके काय करावयाचे हे ठाऊक असण्याची निकड अधिक असते. हायडमचा अनुभव येथेच उपयोगी पडतो. दिवसभराची कार्यशाळा कोठल्याही तोकड्या वॉर्डाला परवडणारी नाही. पाच मिनिटे परवडतात.

रात्री आठ-साडेआठला पाळी बदलते. जाणारी सिस्टर येणारीला एकेका खाटेपाशी नेऊन रुग्ण सोपविते. ही प्रथा सर्वत्र आहे आणि कितीही घाई असली तरी पाळली जाते. याच फेरीत आणखी चार गोष्टी सोपविता येतात. प्राणवायूची झडप, मागचे दार आणि त्याची किल्ली, भरलेले सिलिंडर, आणि आज धूर दिसला तर पहिली हाक कोणी मारावयाची ते. आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा वा गुरुवारी, त्या फेरीनंतर कपाटातली बाहुली टेबलावर यावी आणि वॉर्डबॉय व मावशींसह पाळीवरील प्रत्येकाने दोन-दोन मिनिटे तिच्यावर हात चालवावा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घेतले तर यासाठी ना मंत्रालयाची मंजुरी लागते, ना निविदा. लागते ती बाहुली साठा-नोंदवहीतून ‘वापरात’ या रकान्यात टाकणारी एक सही, आणि ती मोडली तर सिस्टरच्या पगारातून वसुली होणार नाही, असे लेखी आश्वासन.